अपडेटने फोटो गेले, तर जाब कोणाला विचारायचा?

अपडेटनंतर गॅलरी रिकामी दिसली, एवढ्यावरून कंपनी दोषी ठरत नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो म्हणून ती तुमची चूकही ठरत नाही. सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: फोटो नेमके कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या हातून पुसले गेले? अपडेटनेच फाइली उडवल्या, की अपडेट अर्धवट राहून फोन अडकला आणि मग कोणीतरी रीसेट मारला, की सिंकच्या, म्हणजे सगळ्या उपकरणांवर आणि ऑनलाइन एकसारखी प्रत ठेवण्याच्या, भानगडीत एका ठिकाणी डिलीट झालेलं सगळीकडे डिलीट झालं? बाहेरून तिन्ही प्रकार सारखेच दिसतात, पण ग्राहक आयोगापुढे प्रत्येकात सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो, वेगळा असतो. म्हणून फोटो शोधणं आणि पुरावा जपणं ही दोन्ही कामं एकदमच करावी लागतात.

आधी दहा मिनिटं, मग बंद

कॉम्प्युटर असेल तर आधी मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढा. विंडोजच्या सेटिंगमधलं अपडेट हिस्टरीचं पान, त्यावरची तारीख, आवृत्तीचा आकडा आणि रिकामं फोल्डर, एवढं तरी हवंच. मग तीन जागा तपासा.

डेस्कटॉपवरचे आयकॉन गेलेत आणि वॉलपेपरही बदललाय, असं असेल तर बहुधा तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे विंडोजने ऐन वेळी उघडलेल्या कोऱ्या खात्यात, शिरला आहात. मूळ फोटो सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली तसेच असतात. या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ते जातं. दुसरी जागा म्हणजे सी ड्राइव्हवरचं विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर. मोठ्या अपग्रेडनंतर जुनी सिस्टिम त्यात ठेवलेली असते, पण साधारण १० दिवसच, नंतर विंडोज ते आपणहून काढून टाकतं. जागा कमी पडतेय म्हणून या दिवसांत डिस्क क्लीनअप चालवणं म्हणजे उरलेली आशाही पुसून टाकणं. तिसरी जागा वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा क्लाउड (ऑनलाइन साठा). अपग्रेडनंतर पिक्चर्स फोल्डर गुपचूप त्याच्या आत सरकलेलं पुष्कळदा आढळतं. वेबवर लॉगिन करून तिथला रीसायकल बिनही बघा. वैयक्तिक खात्यात त्यातल्या फाइली ३० दिवस राहतात.

तिन्हीकडे काही नसेल तर मशीन बंद करा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर डाउनलोड करून चालवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण ज्या जागेवर पुसलेले फोटो पडलेत त्याच जागेवर ते सॉफ्टवेअर लिहिलं जाऊ शकतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेला डेटा त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत टिकतो. एसएसडीचं, म्हणजे नव्या चिपवाल्या ड्राइव्हचं, तसं नाही. फाइल पुसली की सिस्टिम ट्रिम नावाची आज्ञा पाठवते आणि ड्राइव्ह ते ब्लॉक आपल्या सवडीने साफ करून टाकतो. तुम्ही काहीही न करता मशीन नुसतं चालू ठेवलंत तरी फोटो जात राहतात.

पुढचं काम माहितगाराचं. ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला जोडायचा आणि डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने त्याची पूर्ण प्रत तितक्याच किंवा मोठ्या ड्राइव्हवर घ्यायची. फोटोरेक हे पुसलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर चालवायचं ते या प्रतीवर, मूळ ड्राइव्हवर नाही. फोटोरेकने मिळालेल्या फाइलींची नावं आणि फोल्डर जातात, पण फोटोच्या आत नोंदलेली काढल्याची तारीख शाबूत असते, तिच्यावरून पुन्हा लावता येतात. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेलं असेल तर ड्राइव्ह बहुधा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, झालेला असतो. मग ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती त्याच खात्यात ऑनलाइन सापडते, ड्राइव्ह खोलण्याआधीच लिहून घ्या.

फोन चालू असेल तर पहिल्यांदा विमान मोड लावा, घरातल्या त्याच खात्याच्या टॅबलेटवरही. त्यानंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून क्लाउड उघडा. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस राहतात. आयफोनच्या नुकतेच हटवलेले या अल्बममध्येही ३० दिवसांची मुदत असते. इथे फोटो सापडले तर भांडण बहुतेक मिटलं. पण ते तिथे गेले कधी, ती तारीख टिपून ठेवा. अपडेटच्या आधीची निघाली तर कंपनीवर बोट दाखवण्यात अर्थ नाही.

लोगोवर अडकलेला फोन आणि काउंटरवरची सही

आपल्याकडे अपडेटच्या नावावर खपणारे कितीतरी फोटो प्रत्यक्षात नंतर, दुकानाच्या काउंटरवर जातात. अपडेट फसलं की फोन कंपनीच्या लोगोवर अडकतो, पुन्हा पुन्हा चालू-बंद होतो. अशा वेळी बिघाड सहसा सिस्टिमच्या भागात असतो. फोटो ज्या भागात आहेत त्याला बहुधा धक्का लागलेला नसतो. मग कोणीतरी ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतो आणि फॅक्टरी रीसेट करतो. गेल्या काही वर्षांतल्या अँड्रॉइड फोनांत प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट केलेली असते आणि रीसेटमध्ये तिच्या किल्ल्याच नष्ट होतात. त्यानंतर कोणत्याही लॅबला कितीही पैसे दिले तरी फोनमधून फोटो निघत नाहीत. ‘निघतील, ॲडव्हान्स द्या’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेल्या फोनच्या दुरुस्तीच्या मेनूचा, काळा पडदा एकदा नीट पाहून ठेवण्यासारखा आहे. त्यावर इंग्रजीत पाच-सात ओळी असतात आणि आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचं असतं. ‘रीबूट सिस्टिम नाऊ’ निर्धोक. ‘वाइप कॅशे पार्टिशन’ असेल तर तेही फोटोंना हात लावत नाही. ‘वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट’ ही ओळ मात्र जीवघेणी, आणि ती बहुतेक मेनूंत कॅशेच्या ओळीला खेटूनच असते. बोट एकदा जास्त दाबलं गेलं की संपलं.

डेटा न पुसता सिस्टिम पुन्हा भरता येते, आणि तंत्रज्ञाला हे ठाऊक असतं. सॅमसंगच्या फोनमध्ये ओडिन हे कॉम्प्युटरवरचं साधन वापरून फर्मवेअर (फोनची सिस्टिम) भरताना सीएससीची, म्हणजे देशानुसारच्या सेटिंगची, फाइल दोन प्रकारची असते. साधी सीएससी डेटा पुसते, होम सीएससी तो ठेवते. गूगलच्या पिक्सेलमध्ये पूर्ण ओटीए फाइल, म्हणजे अपडेटची पूर्ण फाइल, रिकव्हरीतून साइडलोड केली (केबलने कॉम्प्युटरवरून भरली) तर फोटो राहतात, फॅक्टरी इमेज, म्हणजे कोरी सिस्टिम, तशीच चढवली तर जातात. आयफोन रिकव्हरी मोडमध्ये कॉम्प्युटरला जोडला की ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय येतात. आधी ‘अपडेट’च. फाइल उतरायला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर फोन त्या मोडमधून बाहेर पडतो. अशा वेळी घाबरून ‘रिस्टोअर’ दाबू नका. फाइल पूर्ण उतरू द्या, फोन पुन्हा रिकव्हरी मोडमध्ये न्या आणि पुन्हा ‘अपडेट’ दाबा.

आता जॉबशीट, म्हणजे फोन दुरुस्तीला घेताना केंद्र देतं तो कागद. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर खाली बारीक अक्षरांत एक छापील ओळ असते, तिचा मथितार्थ असा की डेटा गेल्यास कंपनी किंवा केंद्र जबाबदार नाही, बॅकअप ग्राहकाने घ्यावा. लोगोवर अडकलेल्या फोनचा बॅकअप कसा घ्यायचा, हे ती ओळ सांगत नाही. सही केल्याशिवाय फोन घेत नाहीत हे खरं. मग सहीच्या वर आपल्या हाताने हे लिहा:

‘हा फोन अमुक तारखेला कंपनीने पाठवलेल्या अपडेटनंतर लोगोवर अडकला आहे. त्यातील फोटो अबाधित ठेवून दुरुस्ती करावी. डेटा पुसणारी कोणतीही कृती माझ्या लेखी संमतीशिवाय करू नये. डेटाविषयीची छापील अट मला मान्य नाही.’

त्या कागदाचा फोटो तिथेच काढा. हाताने लिहू देत नसतील किंवा सहीऐवजी ओटीपी मागत असतील, तर ओटीपी सांगण्याआधी हाच मजकूर केंद्राच्या आणि कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवा. वेळ नोंदवली जाते आणि पुढे ‘ग्राहकाने काही सांगितलंच नाही’ असं म्हणायला जागा उरत नाही. जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात ‘सॉफ्टवेअर इश्यू’ एवढंच टंकलेलं असेल तर ‘अपडेटनंतर’ हा शब्द घालायला लावा. पुढच्या सगळ्या वादात त्या एका शब्दाला वजन आहे.

कोणाच्या माथी काय येतं

अपडेटनेच फाइली पुसल्या, तर जबाबदार ते सॉफ्टवेअर बनवणारा. याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट, आवृत्ती १८०९. ते २ ऑक्टोबरला आलं आणि फाइली गायब होत असल्याच्या तक्रारींमुळे काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. दुरुस्त होऊन पुन्हा आलं ते १३ नोव्हेंबरला. ज्यांनी पिक्चर्स किंवा डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलं होतं, त्यांच्या सी ड्राइव्हवर त्याच नावाचं जुनं फोल्डर उरलं होतं. अपडेटने ते रिकामं समजून काढून टाकलं, आणि त्यात मागे राहिलेले फोटोही गेले. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे अशी तक्रार दहा हजार इन्स्टॉलमागे एक होती. पण चाचणी करणाऱ्या काही स्वयंसेवकांनी फाइली जात असल्याचं आधीच कळवलं होतं. दावा लढवताना नेमकी अशी नोंद शोधायची असते: कंपनीला आधीपासून माहीत होतं का?

दुसरं उदाहरण ॲडोबी लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या ॲपचं. ऑगस्ट २०२० मध्ये आयफोन-आयपॅडवरच्या ५.४ आवृत्तीने क्लाउडवर न चढलेले फोटो आणि प्रीसेट (साठवलेल्या सेटिंग) उडवले. ॲडोबीने चूक कबूल केली, सुधारित आवृत्ती दिली, आणि गेलेले फोटो परत आणता येणार नाहीत हेही सांगितलं. ज्यांच्याकडे सबंध फोनचा बॅकअप होता तेवढेच वाचले. कबुली मिळाली म्हणून फोटो मिळत नाहीत, पण अशी जाहीर कबुली सापडली तर तिची छापील प्रत तक्रारीला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडा. तज्ज्ञाच्या अहवालाचा खर्च कमी होऊ शकतो.

सर्व्हिस सेंटरने न विचारता रीसेट मारला, तर ती सेवेतील त्रुटी. अधिकृत केंद्र असेल तर केंद्र आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. गल्लीतल्या दुकानदाराने विंडोज चढवताना ड्राइव्ह फॉरमॅट केला तर जबाबदारी त्याची. मालकाच्या परवानगीशिवाय डेटा नष्ट केला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाईही मागता येते. तो दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे, म्हणजे न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जातो. एका फोनसाठी मंत्रालयाच्या फेऱ्या परवडणार का, ते आधी बघा. बहुतेकांना ग्राहक आयोगच सोयीचा.

फोन रूट केलेला असेल (म्हणजे कंपनीचं सिस्टिमवरचं कुलूप तोडलं असेल), बाहेरची रॉम, म्हणजे दुसऱ्याची सिस्टिम, चढवली असेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ कंपनीच्या कामी येतं, कारण वस्तूत फेरफार झालेला असतो. सिंकमुळे गेलेल्या फोटोंची केसही कमकुवत. ‘जागा मोकळी करा’ हे फोनमधल्या प्रती काढणारं बटण दाबून मग क्लाउडवरचं खातं साफ केलं, तर त्याला अपडेट जबाबदार नाही.

कायदा कुठे साथ देतो, कुठे नाही

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दोन वाटा आहेत. एक सेवेतील त्रुटीची, दुसरी उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या जबाबदारीची, कलम ८२ ते ८७. दोन्ही मांडाव्यात, एक फसली तर दुसरी. दुसऱ्या वाटेत ‘हानी’च्या व्याख्येत मूळ वस्तूखेरीज इतर मालमत्तेचं नुकसान आणि त्यातून होणारा मनस्ताप येतो, केवळ व्यापारी वा आर्थिक तोटा येत नाही. म्हणून फोटो ही फोनपेक्षा वेगळी, तुमच्या मालकीची मालमत्ता आहे, हे तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहा. सॉफ्टवेअर ही वस्तू आहे का, या आक्षेपावर सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य हा निकाल उपयोगी पडतो. तो विक्रीकराचा होता, पण तयार विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात माल मानलं आहे.

कंपनीचा हमखास येणारा बचाव: अपडेट मोफत होतं, आणि मोफत सेवा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. उत्तर असं द्या की अपडेट फोनचाच भाग आहे, फोनसाठी मोबदला दिलेला आहे आणि अपडेट मिळत राहतील हे सांगूनच तो विकला आहे. खोक्यावरचा किंवा जाहिरातीतला ‘इतकी वर्षं अपडेट’ हा मजकूर जोडा. खरोखर मोफत ॲपच्या बाबतीत मात्र हा बचाव भारी पडतो. पैसे भरून क्लाउडवर जागा घेतली असेल तर त्या पावत्या शोधा.

दुसरा बचाव परवान्यातल्या मर्यादेचा. अमेरिकेत विंडोज १० च्या परवान्यात भरपाईची कमाल मर्यादा सॉफ्टवेअरला दिलेल्या किमतीइतकी, फुकट मिळालं असेल तर ५० डॉलर अशी होती. भारतात अशा अटींबाबत न्यायालयांची भूमिका दोन्ही बाजूंची आहे. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेली मर्यादेची अट मान्य केली. २०१९ च्या पायोनियर अर्बन लँड निकालात एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. जॉबशीटवर निषेध का लिहायचा, ते इथे कळतं: पहिला निकाल सहीवर उभा आहे. आणखी एक खाच अशी की ‘करारच अनुचित आहे’ ही तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे करावी लागते. जिल्ह्यात जायचं असेल तर मुद्दा त्रुटीचा आणि अनुचित प्रथेचा ठेवा.

वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याकडून फार अपेक्षा नको. त्यातला दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या हाती काही पडत नाही.

परदेशात राहणाऱ्यांची स्थिती जरा बरी आहे. ब्रिटनमध्ये कंझ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ चं कलम ४६ म्हणतं की पुरवलेल्या डिजिटल मजकुरामुळे तुमच्या दुसऱ्या डिजिटल मजकुराचं नुकसान झालं आणि वाजवी काळजी घेतली असती तर ते टळलं असतं, तर दुरुस्ती किंवा भरपाई द्यावी लागते. करार हवा, पण पैसे मोजलेले असलेच पाहिजेत असं नाही. युरोपीय संघाच्या उत्पादन दायित्वाच्या नव्या निर्देशात, २०२४ च्या २८५३ क्रमांकाच्या, सॉफ्टवेअर हे सरळ उत्पादन मानलं आहे आणि व्यवसायासाठी न वापरलेल्या डेटाचा नाश हे नुकसान. तो ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात आलेल्या उत्पादनांना लागू आहे. मात्र बॅकअपमधून फुकटात परत मिळण्यासारखे फोटो असतील तर नुकसान झालंच असं धरत नाहीत.

तक्रार कशी लावायची

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. कधी कधी एवढ्यावरच कंपनीचा वरच्या पातळीवरून फोन येतो. नाही आला तर कंपनीच्या भारतातल्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत देऊन. पत्ता बिलावर असतो. मागणी मोजकी ठेवा: रिकव्हरी लॅबचं लेखी कोटेशन किंवा बिल, मनस्तापाची रक्कम, तक्रारीचा खर्च. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंना बाजारभाव नाही, म्हणून ५० लाख मागून उपयोग होत नाही. आकडा फुगवला की तक्रारीचा विश्वास जातो.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनी बंगळुरूत असो की गुरुग्राममध्ये. जिल्हा आयोगाची ५० लाखांची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. फोटोग्राफीवर स्वतःचं पोट भरणाराही स्वयंरोजगार म्हणून ग्राहक ठरतो, फक्त ते तक्रारीत लिहावं लागतं.

जोडायचे कागद: खरेदीचं बिल, अपडेटच्या पानाचे फोटो, जॉबशीट, ईमेल, नोटीस व पोच, लॅबचा अहवाल, शपथपत्र. फोटो खरोखर होते हे सिद्ध करायला त्या काळात इतरांना पाठवलेल्या प्रती, जुना अर्धवट बॅकअप किंवा साठवणीच्या आकड्याचा आधीचा स्क्रीनशॉट चालतो. स्क्रीनशॉट आणि डिजिटल प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा, भरायची असते. ड्राइव्हची प्रत काढतानाच लॅबकडून ती लिहून घ्या.

सामनेवाल्याला जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यानंतरचा जबाब आयोगाने घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तारीख मोजून ठेवा आणि उलटली तर अर्ज द्या. निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगात अपिलाला ४५ दिवस.

मध्येच कंपनी नवा फोन देऊ करते. घ्यायला हरकत नाही, पण त्या बदल्यात जुना फोन परत मागितला जातो आणि ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा कागदावर सही मागतात. फोटो जुन्याच फोनमध्ये अडकलेले असतील तर तो देऊ नका. रीसेट झालेला असेल तरी मदरबोर्ड आणि आयएमईआय क्रमांक हा तुमचा पुरावा आहे. फारच आग्रह झाला तर तडजोडीच्या कागदावर फोनच्या किमतीपुरतीच तडजोड असल्याचं लिहून घ्या आणि फोटोंचा दावा वेगळा राखून ठेवा.